धेंपोंचं घराणं

काही वर्षांपूर्वी चतुर्थीला माझा भाचा घरी आला होता. वय वर्षं बारा. अंगात युरोपातल्या एका क्लबचा शर्ट, पाठीवर परदेशी खेळाडूचं नाव. कोणत्या क्लबने कोणत्या वर्षी काय जिंकलं, ते सगळं त्याला तोंडपाठ. मी ऐकत होतो. मध्येच म्हटलं, "अरे, आपल्या धेंपोने पाच वेळा देश जिंकलाय, ठाऊक आहे तुला?" त्याने जरा विचार केला आणि विचारलं, "मामा, धेंपो म्हणजे ते मिरामारचं कॉलेज ना?"

सगळे हसले. मीही हसलो. पण रात्री माटोळीखाली बसल्याबसल्या ते वाक्य पुन्हापुन्हा आठवत राहिलं. मिरामारचं कॉलेज धेंपे कॉलेज, हे त्याला समजावता आलं असतं. पण ज्या क्लबने आमची उमेदीची वर्षं व्यापली, तो डिचोलीत जन्मलेल्या मुलाला नावानेही माहीत नसावा? आणि धेंपोचा जन्म तर याच डिचोलीतला! म्हणून हे लिहायला घेतलं. थोडं माझ्या आठवणीवर आणि थोडं बाबांच्या वहीवर विसंबून.

बाबांच्या वहीबद्दल आधी सांगतो. बाबा शाळेत मराठी शिकवायचे. स्वतः कधी चेंडूला पाय लावला नसेल. पण त्यांची एक लांबट हिशेबाची वही होती. तिच्यात ते फुटबॉलच्या बातम्यांची कात्रणं खळीने चिकटवायचे, आणि बाजूला लाल शाईने गोलसंख्या लिहायचे. विद्यार्थ्यांचे निबंध तपासायची तीच लाल शाई.

गोव्यात फुटबॉल आला तो १८८३ साली, शिवोलीला, असं सांगतात. फादर विल्यम रॉबर्ट लायन्स नावाच्या पाद्रीने तो आणला. पुढे हडफड्याच्या शाळेतून तो पसरला. राज्य पोर्तुगीजांचं, खेळ मात्र इंग्रजी! चर्चच्या शाळांमधून तो गावागावांत गेला आणि भात कापून झाल्यावर मोकळ्या पडलेल्या शेतांत रुजला. त्यामुळे बाहेरच्यांची एक समजूत झाली, आणि ती अजून आहे, की गोव्याचा फुटबॉल म्हणजे सासष्टीचा, ख्रिस्ती वाड्यांचा खेळ. यात अर्धं सत्य आहे. उरलेलं अर्धं सत्य आमच्या डिचोलीत, ताळगावात, साखळीत आहे. ताळगावच्या ब्रह्मानंद शंखवाळकरांनी भारताचं गोलरक्षण केलं, कप्तानपद सांभाळलं. १९८३-८४ च्या संतोष करंडकात गोव्याने स्पर्धा जिंकली ती एकही गोल न खाता. अर्जुन पुरस्कार त्यांना १९९७ मध्ये मिळाला आणि २०२२ मध्ये पद्मश्री. बाबांच्या वहीच्या पहिल्या पानावर त्यांचंच चित्र आहे.

गोवा फुटबॉल संघटना स्थापन झाली १९५९ मध्ये, म्हणजे मुक्तीच्या दोन वर्षं आधी. मुक्तीनंतर खरा बदल झाला तो पैशाचा. खाणीवाल्या कंपन्यांनी संघ बाळगायला सुरुवात केली. साळगावकर, धेंपो, सेझा... खेळाडूला कंपनीत नोकरी मिळायची. सकाळी सराव, मग कचेरी. गोव्याच्या गरीब घरातल्या मुलाला बोटीवर किंवा आखातात न जाताही पोट भरता येतं, हे त्या नोकऱ्यांनी दाखवून दिलं. साठच्या दशकात डिचोलीत एक क्लब होता. तो धेंपो उद्योगसमूहाने हाती घेतला आणि त्यातून आजचा धेंपो स्पोर्ट्स क्लब उभा राहिला. पुढे कारभार पणजीला गेला, सामने फातोर्ड्याला. पण आमच्याकडची म्हातारी माणसं शेवटपर्यंत "आमचो क्लब" असंच म्हणायची. मालकी कागदावर कुणाचीही असो.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस धेंपोने मुंबईचा रोव्हर्स करंडक १९७८ आणि १९७९ असा लागोपाठ जिंकला. त्या काळी देशाचा फुटबॉल म्हणजे कोलकाता, हे समीकरण पक्कं होतं. गोव्याकडचे संघ चांगले खेळतात, पण शेवटी दमतात, असं म्हटलं जायचं. १९९६-९७ मध्ये राष्ट्रीय लीग सुरू झाली. पहिल्या आठ मोसमांत मोहन बागान आणि ईस्ट बंगाल यांनी मिळून सहा वेळा ती जिंकली. पंजाबच्या जेसीटीने एकदा, आणि गोव्याच्या वाट्याला १९९८-९९ चं साळगावकरचं एकुलतं एक विजेतेपद. २००३-०४ मध्ये धेंपो दुसरा आला. बाबांनी त्या पानावर लाल शाईत एकच शब्द लिहिला आहे : "पुढल्या वर्षी."

ते पुढलं वर्ष कसं उजाडलं, ते मला विसरता येत नाही.

५ डिसेंबर २००४. रविवार होता. जुन्या गोव्यात सेंट झेवियरच्या शवप्रदर्शनाचं वर्ष, फेस्त नुकतंच झालेलं, बसगाड्या अजून माणसांनी भरून वाहत होत्या. बंगळूरला फेडरेशन करंडकाचा अंतिम सामना होता. धेंपो विरुद्ध मोहन बागान. आम्ही शेजारच्या घरी दूरचित्रवाणीसमोर दाटीवाटीने बसलो होतो. धेंपोकडे ब्राझीलचा क्रिस्टियानो ज्युनियर होता. आदल्या मोसमात तो ईस्ट बंगालकडून खेळला होता आणि त्या मोसमाला धेंपोकडे आला होता. पहिला गोल त्याचा. दुसराही त्याचा. पण तो दुसरा गोल मारताना पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली आणि तो कोसळला. आम्ही तर उड्या मारत होतो. गोल झाला होता ना! कुणीतरी म्हणालं, "तो उठत का नाही?" मग हळूहळू सगळे खाली बसले.

तो उठला नाही. वय पंचवीस. धेंपोने सामना २-० असा जिंकला, करंडकही जिंकला. मला आठवतं, त्या रात्री फटाक्यांचा आवाज कुठूनच आला नाही. क्लबने त्याचा दहा क्रमांकाचा शर्ट पुन्हा कुणाला दिला नाही. बाबांच्या वहीत त्या दिवसाचं कात्रण आहे, पण बाजूला गोलसंख्या नाही. ती जागा कोरी आहे.

त्याच मोसमात, त्याच खेळाडूंनी, धेंपोची पहिली राष्ट्रीय लीग जिंकली. दुसरा आला तोही गोव्याचाच, स्पोर्टिंग क्लब द गोवा. मला नेहमी वाटतं, की त्या संघाचा कणा त्या हिवाळ्यात तयार झाला. एका सोबत्याला मैदानावर गमावून पुन्हा त्याच मैदानावर उतरायचं, हे कोणत्या प्रशिक्षणात शिकवत असतील?

आता घराण्याकडे येतो. गाण्यातलं घराणं आम्हाला चांगलं समजतं. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर ज्या मातीतून गेल्या, त्या मातीत घराणं म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागत नाही. एकाच गुरूकडे वर्षानुवर्षं रियाज, तीच तालीम, आणि गायक बदलला तरी ओळखू येणारी गायकी. बाबा म्हणायचे, "धेंपोंचा क्लब नव्हे रे, घराणं आहे ते. आर्मांदो गुरुजी आहेत." उद्योगातल्या धेंपोंच्या घराण्यावरची ती कोटी होती हे खरं. पण मुद्दा नेमका होता.

आर्मांदो कुलासो हे गोव्याचेच. नव्या शतकाच्या सुरुवातीपासून २०१३ पर्यंत, म्हणजे सुमारे तेरा वर्षं, त्यांनी हा एकच संघ घडवला. आपल्याकडे चार सामने हरले की प्रशिक्षकाची उचलबांगडी होते. अशा जगात तेरा वर्षं! याचं श्रेय त्यांना आहेच, पण क्लबचे अध्यक्ष श्रीनिवास धेंपो यांच्या धीरालाही आहे. संघाची बांधणी बघा. मधोमध गोव्याची मुलं : समीर नाईक, महेश गवळी, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा. एक नाईक, एक गवळी, एक लॉरेन्स, एक मिरांडा. गोव्याच्या कुठल्याही गावच्या बसस्टॉपवर उभी असलेली माणसंच जणू. त्यांच्या जोडीला नेमके निवडलेले परदेशी. ब्राझीलचा बेटो मधल्या फळीत चेंडू असा ठेवायचा, जसा पोदेर ओळखीच्या दारात पाव ठेवतो, न बघता, पण चुकत नाही. आणि पुढे नायजेरियाचा रँटी मार्टिन्स. खेळाडू येत होते, जात होते, पण चेंडू जमिनीवर ठेवून छोट्या पासांनी पुढे सरकायचं, हे वळण बदललं नाही. डोळे मिटून नुसता प्रेक्षकांचा आवाज ऐकला तरी धेंपो खेळतोय हे मला कळायचं. लांब चेंडू उडाला की एकदम आरोळी उठते. छोटे पास चालू असतात तेव्हा मात्र आवाज हळूहळू चढत जातो.

हिशेब सांगायचा तर असा : २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग. मध्ये २००६ चा ड्युरँड करंडक. मग लीगचं नाव आयलीग झालं, तिचा पहिलाच मोसम २००७-०८, विजेता धेंपो. पुन्हा २००९-१० मध्ये. पुन्हा २०११-१२ मध्ये. आठ मोसमांत पाच वेळा देशाचं विजेतेपद! २००८ मध्ये आशियाई एएफसी करंडकात सिंगापूरच्या होम युनायटेडला हरवून धेंपो उपांत्य फेरीत पोचला. तिथे लेबनॉनच्या साफाकडून हरला. पण त्या स्पर्धेत तिथवर जाणारा तो पहिला भारतीय क्लब. २०११-१२ च्या मोसमात एकट्या रँटीने ३२ गोल केले. आणि त्याआधी, मे २०११ मध्ये, एअर इंडियाविरुद्ध १४-०. त्या पानावर बाबांनी लिहिलंय : "हा सामना नव्हे, पाढा आहे." गंमत म्हणजे त्या वर्षी विजेता झाला साळगावकर.

हा शेवटचा मुद्दा महत्त्वाचा आहे. घराणं एकटं मोठं होत नाही. समोर तोडीचं दुसरं घराणं लागतं. आयलीगचे पहिले सहा मोसम घ्या. धेंपो, चर्चिल, धेंपो, साळगावकर, धेंपो, चर्चिल. सहाच्या सहा वेळा विजेतेपद गोव्यात! पंधरा लाखांच्या आसपास लोकवस्तीचं राज्य आणि जेमतेम तासाभराच्या अंतरात राहणारे क्लब. आज इथे खेळलेला खेळाडू पुढच्या वर्षी तिथे. फातोर्ड्याच्या गॅलरीत धेंपोचा पाठीराखा आणि चर्चिलचा पाठीराखा एकमेकांचे मावसभाऊ निघायचे. आमच्याकडून फातोर्डा गाठायचा तर डिचोलीहून पणजी, पणजीहून मडगाव, कदंबच्या दोन बसगाड्या. संध्याकाळचा सामना लांबला की परतीची शेवटची बस चुकलीच. मग मडगावला मामाकडे मुक्काम. मामा कट्टर साळगावकरवाला. हरून गेलो तर जेवताना टोमणे आणि जिंकून गेलो तर जेवण थंड! तरी जायचो.

मात्र एक गोष्ट कबूल करायला हवी. आम्ही पाठीराखे काही कोलकात्यासारखे लाखांनी नव्हतो. गावच्या आंतरवाडा स्पर्धेला जेवढी गर्दी होते, तेवढी गर्दी देशाच्या विजेत्यांच्या सामन्याला कित्येकदा नसायची. आम्हाला आमचं यश इतकं घरचं वाटत होतं, की ते बघायला तिकीट काढून जायला हवं, हे पुष्कळांच्या डोक्यातच आलं नाही. सणाला घरी आलेल्या थोरल्या भावाकडे जसं कुणी निरखून बघत नाही, तसं.

आणि दुसरी गोष्ट जास्त अवघड आहे. हा सगळा डोलारा मुळात कशावर उभा राहिला? लाल मातीवर. डिचोलीच्या माणसाला हे टाळून धेंपो, साळगावकर यांचं कौतुक लिहिता येत नाही. आमच्या पट्ट्यात खाणी अनेक होत्या, अनेकांच्या होत्या. ट्रकांची रांग, झाडांच्या पानांवरची तांबडी धूळ, पावसात शेतात उतरणारा गाळ, हे आमचं बालपण. ज्या मळ्यात आम्ही भात कापल्यावर फुटबॉल खेळायचो, त्यातले कित्येक मळे पुढे पडीक झाले. म्हणजे एका हाताने मैदानं गेली आणि दुसऱ्या हाताने क्लब आले, असा हा हिशेब आहे. मी बाबांना हे एकदा म्हटलं होतं. ते गप्प राहिले. मग म्हणाले, "देवळंसुद्धा भाटकारांनीच बांधली. म्हणून भजन म्हणायचं नाही का?" मला ते उत्तर तेव्हा पटलं नाही. आजही पूर्ण पटत नाही. पण खोडूनही काढता येत नाही.

धेंपोंनी आपला खाण व्यवसाय २००९ मध्ये सेझा गोवाला विकला, आणि त्यानंतरही क्लब चालू ठेवला. २०१० आणि २०१२ ची विजेतेपदं त्यानंतरची आहेत, हे न्यायाने सांगितलं पाहिजे. २०१२ मध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या. गावांतून पैसा आटला. गावोगावच्या स्पर्धांना देणग्या देणारे हात आखडले. पुढच्याच वर्षी कुलासो धेंपोतून गेले, त्यांच्या जागी परदेशी प्रशिक्षक आले. २०१४ मध्ये झगमगाटाची इंडियन सुपर लीग सुरू झाली. तिच्यात एफसी गोवा हा नवा संघ. लोक फातोर्ड्याला लोटले, ज्या गॅलरीत आम्ही पाय पसरून बसायचो तिथे पाय ठेवायला जागा नाही! त्याचा मला रागही येत नाही. मुलांना तो उत्सव हवाच होता. पण २०१४-१५ च्या मोसमात धेंपोची खालच्या श्रेणीत घसरण झाली, हे त्या गर्दीतल्या किती जणांच्या लक्षात आलं असेल? पुढच्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून धेंपोने परतीचं दार उघडलं. तोवर मात्र देशाच्या फुटबॉलची व्यवस्थाच बदलत होती. मैदानावरच्या निकालापेक्षा पैशाची बोली मोठी ठरणार, खालून वर चढण्याची शिडीच राहणार नाही, अशी चिन्हं होती. २०१६ मध्ये साळगावकर आणि स्पोर्टिंग आयलीगमधून बाहेर पडले, आणि धेंपोही गेला. जे घराणं मैदानावर कुणाला सहजी आवरलं नव्हतं, ते कागदावर संपल्यासारखं झालं.

बाबांच्या वहीतलं शेवटचं कात्रण २०१२ चं आहे. पाचवं विजेतेपद. त्यानंतर त्यांचे डोळे अधू झाले. वहीत पंधरा-वीस पानं कोरी आहेत.

हे सारं मी भाच्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं, पण एक प्रश्न विचारला, जो मला सुचला नव्हता. "मामा, मग ते आता कुठे आहेत?" मी म्हटलं, शोधूया. तर क्लायमॅक्स, क्लिफर्ड, महेश, समीर, यांतले बहुतेक प्रशिक्षणात उतरलेले दिसले. म्हणजे शिष्यांचे गुरू झाले. तालीम कागदावर संपत नाही, ती अशी पुढे जाते. क्लब गोव्याच्या लीगमध्ये खेळतच होता. मग २०२३-२४ मध्ये समीर नाईकांच्या हाताखाली धेंपो देशाच्या दुसऱ्या श्रेणीतून वर आला आणि २०२४-२५ मध्ये पुन्हा आयलीगमध्ये उतरला. त्याच मोसमात, जानेवारी २०२५ मध्ये, आर्मांदो कुलासोंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. उशिरा, पण मिळाला. आयलीगची तीन विजेतेपदं धेंपोखेरीज दुसऱ्या कुठल्याही क्लबच्या नावावर त्या मोसमाअखेरपर्यंत लागली नव्हती, हेही भाच्यानेच शोधून मला सांगितलं.

त्या मोसमात त्याला एक सामना दाखवायला नेलं. गर्दी बेताचीच. पुढच्या बाकावर दोन म्हातारे शेंगदाणे खात, प्रत्येक पासवर टीका करत बसले होते. भाचा आता बराच उंच झालाय. अंगात तोच युरोपातला शर्ट, नवा. अर्ध्या तासाने तो म्हणाला, "मामा, हे चेंडू वर मारतच नाहीत. सारखे खालूनच खेळतात."

मी काही बोललो नाही. घरी आल्यावर कपाटातून वही काढली आणि त्याच्या हातात दिली. लाल शाईचं पेन मात्र त्यालाच आणावं लागलं, माझ्याकडचं कधीच सुकलं होतं.